ऑकमध्ये आकडेमोड: दुधाच्या बिलातले आठ पैसे, उताऱ्यावरचे गुंठे आणि बाकीची भानगड

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका दूध सेंटरचं दहा दिवसांचं बिल मी काढून देतो. फुकटातच म्हणा की, सेक्रेटरी मामांच्या शब्दाखातर. एकदा बिल वाटून झालं आणि एक आक्का चिठ्ठ्यांची चळत घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "बाळ, रोजच्या चिठ्ठ्या जुळवून बघितल्या, बाराशे चोवीस साठ येतंय. तू अडुसष्ट लिवलायस. हे वरचे आठ पैसे कुणाचे रे?" सेंटरवरचा पोरगा म्हणतोय, "मी बघितलो की, कॉम्प्युटर बरोबरच हाय." आक्कांची बेरीज बरोबर होती आणि कॉम्प्युटरची पण बरोबर होती. मग चुकलं कोण? चुकलो मी, आणि ते समजायला मला दोन रात्री लागल्या. त्यात एक रात्र करंट नव्हता ते सोडा.

हा लेख त्या दोन रात्रींचा आहे असं समजा. ऑक ही कॉम्प्युटरची भाषा वापरून आकड्यांच्या फाईली कशा हाताळायच्या, कुठं पाय घसरतोय, कुठलं फंक्शन काय करतंय, सगळं पायरीपायरीनं सांगतो. ऑक १९७७ साली बेल लॅब्समध्ये तयार झाली, आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं म्हणजे ऑक. जुनी आहे पण ओळीओळीनं फाईल वाचून हिशोब करायला आजही एक नंबर. उबंटूवर बऱ्याचदा तिचा एमऑक हा भाऊ आधीच असतोय, विंडोजवर गिट हा प्रोग्रॅम टाकला की त्याच्या बॅशमध्ये, म्हणजे कमांड मारायच्या खिडकीत, जीऑक हा दुसरा भाऊ मिळतोय, आणि मोबाईलवर टर्मक्स या ॲपमध्ये पण चालतंय. मी जीऑक वापरतो, खाली जे सांगतो ते त्याच्यावर बघितलेलं आहे.

एक सूचना आधीच. मी हे मराठी कीबोर्डवर टाईप करतोय म्हणून फंक्शनची नावं आणि आकडे देवनागरीत दिसतील, तुम्ही मशीनवर मारताना नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि आकडे पण इंग्रजीच मारायचे. हे शेवटचं लई महत्त्वाचं आहे, का ते आता येतंयच.

पहिलं काम: आकडा खरंच आकडा आहे का बघा

आपली फाईल समजा अशी आहे, कॉमानं वेगळे केलेले पाच कॉलम: तारीख, सभासद नंबर, लिटर, फॅट, दर. ऑकमध्ये तिसरा कॉलम म्हणजे $३, पाचवा म्हणजे $५. कॉमा हा विभाजक आहे हे सांगायला कॅपिटल एफचा पर्याय द्यायचा. मग प्रत्येक ओळीला $३ गुणिले $५ केलं की झाली रक्कम, शेवटी एंड ब्लॉकमध्ये, म्हणजे सगळ्या ओळी संपल्यावर चालणाऱ्या भागात, बेरीज छापली की झालं बिल. इतकं सोपं वाटतंय ना? मला पण वाटलेलं.

ऑकची खोड अशी की ती कधी तक्रार करत नाही. तुम्ही तिला "१२.४ ली" दिलात तर ती पुढचं १२.४ घेते आणि "ली" सोडून देते, चांगलंच आहे. पण "ली १२.४" दिलात तर तिच्या लेखी ते शून्य. "१२..४" दिलात तर १२. आणि "१,२३४" दिलात तर १, कारण कॉमा आला की तिचं वाचन थांबलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, बिल तयार, आणि कुणाच्या तरी दुधाचे बाराशे चौतीस रुपये एक रुपया होऊन बसतात.

आणि आपल्या भागात तर अजून एक मजा आहे जी पुण्या-मुंबईकडच्यांना ठाऊक नसावी. आमच्याकडं एकाच रजिस्टरात तीन जातींचे आकडे असतात. सेंटरचा पोरगा मोबाईलवर कन्नड कीबोर्ड ठेवतोय तेव्हा कन्नड आकडे, मामा लिहितात तेव्हा मराठी आकडे, आणि मशीनमधून येतात ते इंग्रजी. कन्नडचं शून्य, मराठीचं शून्य आणि इंग्रजीचं शून्य, तिन्ही गोलच, स्क्रीनवर नुसत्या डोळ्यानं कळत पण नाही. ऑकला फक्त इंग्रजी आकडेच आकडे वाटतात, बाकी सगळं म्हणजे अक्षरं, आणि अक्षरांची किंमत शून्य. पायथनचं तसं नाही, त्यातल्या इंट आणि फ्लोटला मराठी किंवा कन्नड आकडे दिले तरी ते बरोबर वाचतात, हे बघून मला जरा वाईटच वाटलं ऑकबद्दल.

उपाय दोन पायऱ्यांचा. आधी सगळे आकडे इंग्रजीत आणायचे. सेड या मजकूर बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वाय म्हणून एक कमांड आहे, अक्षरास अक्षर बदलणारी, तिला एका बाजूला मराठी दहा आकडे आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी दहा आकडे द्यायचे, मग तेच कन्नडसाठी परत. लोकेल, म्हणजे मशीनची भाषेची सेटिंग, यूटीएफ-८ असायला पाहिजे. टीआर कमांड मात्र वापरू नका, लिनक्सवरची टीआर एकेक बाइट बघते आणि मराठी आकडा तीन बाइटचा असतोय, म्हणजे सगळा चिवडा होतोय. मग दुसरी पायरी, चाळणी. गणित करायच्या आधी प्रत्येक ओळीला विचारायचं की $३ मध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त आकडे आणि फार तर एकच टिंब आहे का. ऑकमध्ये टिल्ड (~) चिन्ह देऊन रेगेक्सनं, म्हणजे अक्षरांचा साचा देऊन, हे एका ओळीत होतंय. जी ओळ चाळणीतून पडली नाही ती ओळ नंबरासकट, एनआर लावून, वेगळ्या फाईलीत टाकायची आणि ती फाईल रिकामी होईपर्यंत बिल काढायचं नाही. मी आता हा नियम मोडत नाही, मामा कितीही घाई करू देत.

रकमेतले कॉमा काढायला जीसब, म्हणजे शोधून सगळीकडं बदलणारं फंक्शन. पण कॉमाच विभाजक असेल आणि रक्कम अवतरण चिन्हात "१,२३,४५६.५०" अशी आली असेल तर साधी ऑक त्याचे तीन कॉलम करून टाकते. जीऑकच्या ५.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, सीएसव्हीचा, म्हणजे कॉमावाल्या फाईलीचा, वेगळा पर्याय आलाय, तो दिला की अवतरणातला कॉमा सोडून देते. जुनी आवृत्ती असेल तर सरळ टॅबनं वेगळी केलेली फाईल मागा.

सभासद नंबरचं पण बघा. एकानं ७ लिहिलं, दुसऱ्यानं ००७ लिहिलं. तुम्ही नंबरावर ॲरे करून, म्हणजे नंबर ही चावी धरून प्रत्येकाचा वेगळा कप्पा करून, बेरीज करत असाल तर ऑक त्या दोन वेगळ्या चाव्या धरते, एकाच माणसाची दोन बिलं निघतात आणि दोन्ही अर्धी. $२ ला शून्य मिळवा, म्हणजे $२+० अशी चावी करा, ००७ चा ७ होतोय. ऑकमध्ये अक्षरातून आकडा करायचा तर शून्य मिळवायचं, आणि आकड्यातून अक्षर करायचं तर रिकामे अवतरण जोडायचं. बाकी काही नाही.

छापताना आकडा बदलतोय

पहिल्यांदा पूर्ण सेंटरची बेरीज छापली तेव्हा स्क्रीनवर आलं: १.२३४५७ई+०६. मामा म्हणाले हे काय फोन नंबर आहे का. बेरीज होती १२३४५६७.८९. झालं काय, तर ऑकमध्ये ओएफएमटी नावाचं एक व्हेरिएबल असतंय, त्याची मूळ किंमत %.६जी, म्हणजे नुसतं प्रिंट केलं की अपूर्णांक असलेला आकडा सहाच अर्थपूर्ण अंकांत छापायचा. पूर्णांक असेल तर पूर्ण छापते, १२३४५६७ आले असते. आणि फाईलीतून आलेला $३ जसाच्या तसा छापला तर तो पण आहे तसा येतोय, कारण ती अजून अक्षरंच. गणित केलं की मग ओएफएमटीचा कायदा लागू. म्हणजे $३ छापलं तर एक आणि $३+० छापलं तर दुसरंच, असं होऊ शकतंय.

म्हणून पैशांसाठी नुसतं प्रिंट कधीच वापरू नका, कायम प्रिंटएफ, आणि %.२एफ, म्हणजे टिंबानंतर दोनच अंक. पण त्याच्यात पण एक मेख आहे, आणि आक्कांचे आठ पैसे तिथंच अडकलेले.

आठ पैसे

सोय म्हणून धरू की आक्का रोज सकाळ-संध्याकाळ १.७ लिटर घालतात आणि दर ३६.०२ पडतोय. १.७ गुणिले ३६.०२ म्हणजे ६१.२३४. चिठ्ठीवर %.२एफ नं छापलं ६१.२३. दहा दिवसात वीस चिठ्ठ्या, वीस वेळा ६१.२३ म्हणजे १२२४.६०. पण माझा प्रोग्रॅम बेरीज करत होता आतल्या ६१.२३४ ची, वीस वेळा, म्हणजे १२२४.६८. चिठ्ठीवर जे दिसतंय आणि मशीनच्या पोटात जे आहे ते दोन वेगळे आकडे, आणि प्रिंटएफ फक्त दिसणारा बदलतंय, पोटातला नाही. इथं आक्कांना आठ पैसे जास्त मिळाले म्हणून त्या हसत होत्या, दर ३६.०३ असता तर रक्कम झाली असती ६१.२५१, चिठ्ठ्यांची बेरीज १२२५.०० आणि बिल १२२५.०२. आणि जिथं तिसरा अंक पाचाच्या वर असतोय तिथं उलटं, बिल चिठ्ठ्यांपेक्षा कमी, तिथं कोण हसणार.

तर ठरवायचं हे की गोल आकडा करायचा कुठं. चिठ्ठी हातात दिली म्हणजे तो व्यवहार झाला, तर मग गोल करायचं चिठ्ठीलाच, एकदाच, आणि पुढची सगळी बेरीज त्या गोल केलेल्या आकड्यांची. असं मी ठरवलं, मामांना पटलं.

मग मी दुसरी चूक केली. ऑकमध्ये राउंड नावाचं फंक्शनच नाही. आहे ते इंट, आणि ते गोल करत नाही, टिंबापुढचं कापून टाकतंय. ३.९ चं ३, आणि उणे ३.७ चं उणे ३, म्हणजे खाली नाही जात, शून्याच्या दिशेला जातंय. मी काय केलं, रक्कम गुणिले शंभर, त्याचं इंट, झाले पैसे. वाटलं काम फत्ते. आता हिशोब बघा: कापून टाकलं की प्रत्येक चिठ्ठीमागं सरासरी अर्धा पैसा जातोय. १४० सभासद, वीस चिठ्ठ्या, म्हणजे २८०० नोंदी, अर्ध्या पैशानं १४०० पैसे, चौदा रुपये दर बिलाला, आणि नेहमी एकाच बाजूला, शेतकऱ्याच्या खिशातून. गोल करताना कुणाचं वर जातंय कुणाचं खाली, मिटून जातंय. कापताना मिटत नाही.

आणि वर आणखी एक. ४.३५ गुणिले १०० किती? ४३५ म्हणाल. मशीन म्हणते ४३४.९९९९९९९९९९९९९४. त्याचं इंट ४३४. एक पैसा असाच गेला, कापायचं काही नसताना. १९.९९ गुणिले १०० चं पण इंट १९९८ च येतंय. कारण असं की मशीन आकडे दोनाच्या पायात ठेवते, आणि एक तृतीयांश जसं आपल्याला ०.३३३३ असं कधीच संपत नाही तसं ४.३५ तिला संपत नाही, ती जवळचा आकडा ठेवते. ०.१ अधिक ०.२ हे ०.३ च्या बरोबर आहे का विचारलं तर नाही म्हणते. दहा वेळा ०.१ मिळवून एक झाला का विचारलं तरी नाही म्हणते, आणि गंमत म्हणजे प्रिंट केलं तर १ च दाखवते, सहाच अंक ना! त्यामुळं अपूर्णांक बरोबर-बरोबर असं तपासायचं नाही, फरक अगदी थोडा आहे का ते तपासायचं. फरकाचं उणे चिन्ह काढून टाकायला ॲब्स लागतंय, ते पण ऑकमध्ये नाही, आपणच लिहायचं: एक्स शून्यापेक्षा लहान असेल तर उणे एक्स, नाहीतर एक्स.

आता राउंड. सगळे सांगतात ते असं, अर्धा मिळवा आणि कापा:

राउंड(एक्स) = एक्स उणे असेल तर इंट(एक्स − ०.५), नाहीतर इंट(एक्स + ०.५)

हे नव्व्याण्णव वेळा चालतंय. फसतंय ते बरोबर मध्यावर. १.००५ गुणिले १०० हे मशीनला १००.४९९९९९९९९९९९९९ होतंय, अर्धा मिळवून कापलं की १००, आपल्याला पाहिजे १०१. प्रिंटएफचं पण तेच, २.६७५ ला %.२एफ दिलं तर २.६७ छापते कारण पोटात २.६७४९९९ असं काहीतरी आहे. आणि जिथं आकडा अगदी काटेकोर मध्यावर बसतोय तिथं लिनक्सवरची प्रिंटएफ सम आकड्याकडं जाते, म्हणजे %.०एफ नं २.५ चे २ आणि ३.५ चे ४. बँकवाल्यांना हे आवडत असेल, आमच्या मामांना अजून समजावता आलेलं नाही.

यातून सुटायचं तर अपूर्णांकातच जायचं नाही. मी शेवटी हे केलं आणि तेव्हापासून एका पैशाची तक्रार नाही. लिटर एकाच दशांशापर्यंत मोजलं जातंय, तर ४.५ लिटर म्हणजे ४५ दशांश-लिटर. दर पैशात, ३४.६५ म्हणजे ३४६५. दोन्ही पूर्णांक करताना वरचं राउंड बिनधास्त वापरा, राउंड(४.५ × १०) आणि राउंड(३४.६५ × १००), तिथं आकडा पूर्णांकाच्या अगदी शेजारी असतोय, मध्यावर नाही, त्यामुळं घोटाळा होत नाही. मग ४५ गुणिले ३४६५ म्हणजे १५५९२५, हे झाले पैशाचे दहावे भाग. आता गोल करायला:

पैसे = इंट((१५५९२५ + ५) / १०)

म्हणजे १५५९३, अर्थात १५५ रुपये ९३ पैसे. खरी रक्कम १५५.९२५ होती, बरोबर मध्यावर, आणि आपण ठरवल्याप्रमाणं वर गेली, मशीनच्या मर्जीप्रमाणं नाही. बेरीज सगळी पैशात, रुपये फक्त छापताना.

इंट आणि टक्केवाला भागाकार

रुपये छापताना इंट(पैसे/१००) आणि पैसे % १००. हे % चिन्ह म्हणजे शेकडा नव्हे, भागाकाराची बाकी. १२२४६८ चे रुपये १२२४, बाकी ६८. छापताना बाकीला %०२डी द्यायचं, म्हणजे दोन अंकी, गरज पडली तर पुढं शून्य लावून, नाहीतर पाच पैशाला १२२४.५ छापून येतंय आणि लोक पन्नास पैसे समजतात. आणि उणे रक्कम असेल, समजा खाद्याचे पैसे कापून उणे पाच पैसे, तर रुपये शून्य आणि बाकी उणे ५ येतीय, छापलं की "०.-५" असं विचित्र. उणे चिन्ह आधी बाजूला काढा, मग छापा. ऑकमध्ये बाकीला वरच्या आकड्याचं चिन्ह लागतंय, उणे ७ % ३ म्हणजे उणे १, पायथनमध्ये तेच २ येतंय, दोन्ही वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आमच्याकडं रोखीत देताना पैसे कोण देत नाही, पंचवीस पैशाचं नाणं तर २०११ च्या जूनअखेर चलनातूनच गेलं. म्हणून रोखवाल्यांना पूर्ण रुपये द्यायचे आणि बाकी पुढच्या बिलात ओढायची. पैशात हिशोब असला की हे एका ओळीचं काम, बाकी त्या सभासदाच्या नावावर ठेवली की झालं.

आता गुंठ्याचं सांगतो कारण हेच इंट आणि % तिथं लई कामाला येतंय, आणि तिथली चूक बघून मला घाम फुटलेला. कर्नाटकातल्या उताऱ्यावर, आरटीसीवर हो, क्षेत्र एकर-गुंठा-आणा असं लिहितात. २.१५ म्हणजे दोन एकर पंधरा गुंठे. एकराला ४० गुंठे, गुंठ्याला १६ आणे. आमच्या भाऊबंदकीतल्या एकानं सगळ्या गटांची यादी करून बेरीज टाकली, २.१५ अधिक १.३० बरोबर ३.४५. पंचेचाळीस गुंठे? अहो चाळीसलाच एकर होतोय की! खरं उत्तर ९५ अधिक ७० म्हणजे १६५ गुंठे, चार एकर पाच गुंठे. हे टिंब दशांशाचं नाहीच, नुसती खूण आहे. त्यात भर म्हणजे आकडा म्हणून वाचलं की १.२० चा १.२ होतोय, आणि वीस गुंठ्याचे दोन गुंठे. जमिनीत असली चूक म्हणजे पुढच्या पिढीला कोर्ट.

तर हा कॉलम अक्षर म्हणूनच ठेवायचा, स्प्लिट फंक्शननं टिंबावर फोडायचा, टिंब डबल कोटात द्यायचं. पहिला तुकडा गुणिले ४० अधिक दुसरा तुकडा, आणे असतील तर सगळंच आण्यांत न्या: (एकर × ४० + गुंठे) × १६ + आणे. बेरीज आण्यांत. परत यायला आधी % १६ नं आणे काढा, इंटनं गुंठे, मग त्यांचं % ४० आणि परत इंट. चौरस फूट पाहिजे तर गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९. आणि फोडायच्या आधी चाळणी: दुसरा तुकडा दोन अंकीच आहे ना, आणि ४० पेक्षा कमी आहे ना. एक्सेलमधून आलेली यादी असेल तर तिथंच शून्य उडालेलं असतंय, तेव्हा मूळ उतारा बघण्याला पर्याय नाही.

सरासरी फॅट, आणि शून्यानं भाग

फॅटची सरासरी नुसती बेरीज भागिले नोंदी अशी काढू नका. दहा लिटर गाईचं ३.५ फॅटचं आणि दोन लिटर म्हशीचं ६.५ फॅटचं, नुसती सरासरी ५.०. पण कॅनमध्ये खरं काय आहे? ३५ अधिक १३ म्हणजे ४८, भागिले बारा लिटर, ४.०. टँकरवर ४.० च लागणार आणि सेंटर म्हणणार आमचं फॅट चोरलं. चोरलं काय नाही, सरासरी चुकलीय. लिटर गुणिले फॅट याची बेरीज वेगळी ठेवा, लिटरची वेगळी, शेवटी भागा.

भागायच्या आधी खालचा आकडा शून्य नाही ना बघा. म्हैस आटली, सभासदाचं दहा दिवस दूधच नाही, लिटर शून्य, आणि जीऑक तिथंच शून्यानं भागलंस म्हणून अर्ध्यात थांबते. नव्वद बिलं छापून झाली आणि पन्नास राहिली असं झालंय माझं. वर्गमूळाचं तसं नाही, उणे आकड्याचं मागितलं तर नुसती वॉर्निंग देते आणि नॅन, म्हणजे 'हा आकडाच नव्हे', असं काहीतरी छापते, आणि ते नॅन एकदा बेरजेत शिरलं की सगळी बेरीज नॅन.

खाते नंबर हा आकडा नव्हे

बँकेत पैसे जमा करायची यादी करताना हे ध्यानात ठेवा. ऑक सगळे आकडे डबल प्रकारात ठेवते, त्यात ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचेच, म्हणजे दोनाचा त्रेपन्नावा घात, सगळे पूर्णांक नीट बसतात. त्याच्यावर गेलात की शेवटचे अंक गोल होतात. १७ अंकी दोन खाते नंबर, शेवटचा अंक एकाचा १ आणि दुसऱ्याचा २, ऑकला बरोबर आहेत का विचारलं तर हो म्हणू शकते, कारण दोन्ही आकड्यासारखे दिसतात म्हणून ती आकडा समजून तुलना करते. एक्सेल तर पंधरा अंकांतच दम टाकते. खाते नंबराला मागं रिकामे अवतरण जोडून तुलना करा, म्हणजे अक्षरास अक्षर बघेल. आणि वर सभासद नंबराला शून्य मिळवा म्हटलं ते इथं करू नका, ज्याची बेरीज कधी करणार नाही तो आकडा नव्हे, नाव आहे.

घात, लॉग, रँड

घाताला ^ चिन्ह. दोन गोष्टी: उणे २ चा वर्ग असा सरळ लिहिलात तर उणे ४ येतंय, कंस द्या. आणि २^३^२ उजवीकडून सुटतंय, ५१२. पतसंस्थेच्या हप्त्याला हेच लागतंय. लाखाचं कर्ज, बारा टक्के, बारा महिने, तर महिन्याचा दर ०.०१, हप्ता = मुद्दल × दर × (१+दर)^१२ भागिले ((१+दर)^१२ − १), येतात ८८८४.८८ रुपये. हप्ता पैशात गोल केला की शेवटचा हप्ता एक-दोन पैशानं वेगळा निघतोय, तो शेवटचाच वेगळा दाखवायचा, सगळे सारखे दाखवायच्या नादात पडायचं नाही.

लॉग म्हणजे ऑकमध्ये नैसर्गिक लॉग, दहाच्या पायाचा नाही. महिना एक टक्क्यानं पैसे कधी दुप्पट? लॉग(२) भागिले लॉग(१.०१), ६९.६६, म्हणजे सत्तराव्या महिन्यात. दहाचा पाहिजे तर लॉग(१०) नं भागा, पण त्याला सरळ इंट लावू नका, लॉग(१०००)/लॉग(१०) तीनाच्या केसभर खाली येतंय आणि इंट २ देते. किती अंकी आकडा आहे हे शोधायला लॉग कशाला, लेंथ फंक्शन आहे की.

वर्तुळाचा पाय (३.१४ वाला) पाहिजे असेल तर एटॅन२(०, −१). साइन, कॉस, एक्सप आहेत, मला अजून गरज पडली नाही.

रँड, म्हणजे शून्य ते एकमधला कुठलाही आकडा देणारं फंक्शन, मात्र उपयोगाचं निघालं. दर बिलाला पाच सभासदांचं दूध परत तपासायचं ठरलं, आणि मामांनी निवडले की बोंब, पोरानं निवडले की बोंब. इंट(रँड() × १४०) + १ केलं की एक ते एकशेचाळीसमधला नंबर मिळतोय. आधी बिगिन ब्लॉकमध्ये, म्हणजे फाईल वाचायच्या आधी चालणाऱ्या भागात, एसरँड() एकदा मारायला विसरू नका, नाहीतर जीऑक दर वेळी तेच नंबर त्याच क्रमानं देते, आणि तिसऱ्या बिलाला लोकांच्या लक्षात येतंय की कुणाचं दूध तपासणार ते. माझ्या गावात दुसऱ्याच बिलाला आलं.

शेवटी तपासणीची फाईल

एक छोटी फाईल करून ठेवा, दहा-बारा ओळींची, प्रत्येक ओळीत एकेक खोडी: मराठी आकडा, कन्नड आकडा, कॉमावाली रक्कम, "ली १२.४", ००७ आणि ७, शून्य लिटर, ४.५ गुणिले ३४.६५, उणे रक्कम, १७ अंकी दोन खाते नंबर, १.२० चा उतारा. प्रत्येकाचं उत्तर हातानं काढून शेजारी लिहायचं. प्रोग्रॅममध्ये एक अक्षर जरी बदललं तरी आधी ही फाईल चालवायची, मग खरी. माझ्या फाईलीत बारावी ओळ आक्कांची आहे, १.७ आणि ३६.०२ वीस वेळा, उत्तर १२२४.६०.